अर्ल पिटकिनच्या बदल्यात

माझ्या नवऱ्याला दारूचं व्यसन नाही, सिगरेटचं नाही, परस्त्रीचं तर नाहीच नाही. लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी याची नीट चौकशी करून घेतली होती. बेसबॉलच्या कार्डांबद्दल विचारायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही, आणि त्यांना दोष तरी कसा देणार? ठाण्यातल्या चांगल्या घरच्या मुलाला असलं काही जडू शकतं, हे कुणाला सुचेल?

जडलं ते मिलवॉकीत. दोन हजार साल उजाडताच जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी आवई उठली होती, तेव्हा ते वाचवायला भारतातून जी फौज अमेरिकेला गेली तिच्यात अंशुमनही होता. कॉम्प्युटर वाचले. अंशुमन वाचला नाही. तिथे खालच्या मजल्यावर वॉल्टर नावाचे एक एकटे आजोबा राहायचे. ते वृद्धाश्रमात जायला निघाले तेव्हा बुटांचा एक खोका याच्या हातात देऊन गेले. खोक्यात बेसबॉल खेळाडूंची कार्डं. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याचे आकडे, आकार पत्त्याएवढा. पन्नास-पंचावन्न साली ही कार्डं तिकडच्या शेंबड्या पोरांना च्युइंगमबरोबर फुकट मिळायची. आता तीच कार्डं टक्कल पडलेली माणसं भिंगातून बघतात.

मिलवॉकीच्या पंचावन्न सालच्या संघाची कार्डं एकूण बावीस. खोक्यात एकोणीस होती, दोन अंशुमननं इंटरनेटवरून मिळवली. राहिलं एक. एकसष्ट नंबरचं, अर्ल पिटकिनचं. हा पिटकिन सबंध सीझनमध्ये अकरा सामने खेळला आणि बाकीचे त्यानं बाकावर बसून पाहिले. इतका सुमार खेळाडू की त्याचं कार्ड कुणी जपलंच नाही, पोरांनी ते सायकलच्या चाकात लावून फाडलं. आणि म्हणूनच ते आता मिळत नाही. किंमत म्हणाल तर पाच-सात पौंडांच्या वर नाही. पण बाजारात असेल तर ना!

पुढे आम्ही ब्रिस्टलला आलो. अंशुमन इथे फिल्टनला विमानाच्या पंखांचं सॉफ्टवेअर लिहितो. बेसबॉलसारखाच एक खेळ या देशात राउंडर्स म्हणून शाळेतल्या मुली खेळतात, त्यामुळे इथे पिटकिन शोधणं म्हणजे अगदीच सोपं काम. सहा वर्षं झाली. आमच्या लग्नाचा अल्बम लॉफ्टमध्ये दमट होतोय, पण कार्डांच्या अल्बमला वेगळं कपाट आहे आणि कपाटात ओल शोषून घेणाऱ्या पुड्या आहेत. त्या अल्बममध्ये एकसष्ट नंबरचा प्लॅस्टिकचा कप्पा रिकामा ठेवलाय. जेवायला यायच्या पाहुण्याचा पाट मांडून ठेवावा तसा.

कार्डंच कशाला, हा माणूस काहीच टाकत नाही. बंद पडलेले रेझर, संपलेले ट्रेनपास, पहिल्या नोकरीच्या बुटांच्या नाड्या. सुरुवातीला मी भांडले. मग लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यानं मला कोटाची गोष्ट सांगितली आणि माझी भांडायची सोयच गेली.

अंशुमनचे वडील तो अकरा वर्षांचा असताना गेले, एकोणीसशे त्र्याऐंशीच्या जूनमध्ये. त्यांचा एक तपकिरी कोट दाराच्या मागे खिळ्याला टांगलेला असायचा. महिन्याभरानं हा एक दिवस शाळेतून आला तर खिळा रिकामा. आईनं कोट बोहारणीला दिला होता आणि त्याच्या बदल्यात भांडं घेतलं होतं. कुठलं भांडं, ते यानं बघितलंही नाही. त्या दिवशी तो काही बोलला नाही आणि त्यानंतर तेवीस वर्षं आईजवळ त्यानं हा विषय काढला नाही. दर रविवारी फोन मात्र होतो. हवा कशी आहे, गुडघे कसे आहेत, कोथिंबीर काय भावानं मिळाली. मायलेकरांचं इतकं सुरळीत बोलणं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

तर दोन हजार सहाच्या सप्टेंबरमध्ये पिटकिन सापडला. वेल्समधल्या कार्डिफचा कीथ नावाचा एक विक्रेता. त्याच्याकडे एकसष्ट नंबर होता, पण तो विकायला तयार नव्हता, त्याला अदलाबदल हवी होती. दोन महिने ईमेल चालले. माझ्या लग्नाच्या बोलण्यांना इतका वेळ लागला नव्हता. शेवटी ठरलं ते असं: अंशुमननं रे मॅकॉलचं कार्ड द्यायचं, कीथनं पिटकिन द्यायचा. मॅकॉल हा मिलवॉकीचाच, पण अंशुमनकडे त्याचं आणखी एक, आदल्या वर्षीचं कार्ड होतं. कोपरे दुमडलेले, वर वॉल्टर आजोबांच्या कॉफीचा गोल डाग. मोठा खेळाडू असल्यामुळे डागासकट त्याला किंमत होती. नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी बेडमिन्स्टरच्या कम्युनिटी हॉलमध्ये कार्डांचं प्रदर्शन भरणार होतं, तिथे देवाणघेवाण करायची.

नेमक्या त्याच वेळी आमच्याकडे सासूबाई आलेल्या होत्या, पाच महिन्यांसाठी. परतीचं विमान पुढच्या मंगळवारी. सुप्रभाबाई वर्तक, वय अडुसष्ट, इंग्रजी शब्द तीन: नो, थँक्यू, आणि टू मच.

"आई घरी एकटी काय करेल? चल म्हणावं," अंशुमन म्हणाला.

"तिथे काय असतं रे?" आईंनी विचारलं.

"जुनी कार्डं असतात. लोक स्वॉप करतात, म्हणजे अदलाबदल. इट्स अ नाइस क्राउड."

"विकत घेत नाहीत?"

"घेतात. पण खरी मजा स्वॉपमध्ये."

आईंनी हे लक्षपूर्वक ऐकून घेतलं. ते किती लक्षपूर्वक, हे आम्हाला नंतर कळायचं होतं. मग त्यांनी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या आणि ठाण्याहून आणलेल्या आपल्या चपट्या स्टीलच्या डब्यात भरून घेतल्या. कुठेही जाताना तो डबा त्यांच्या पिशवीत असतोच. इथल्या सँडविचवर त्यांचा विश्वास नाही, आणि पाच महिन्यांत मी तो बसवू शकले नाही.

हॉलमध्ये चाळीसेक टेबलं होती आणि दोनशे पुरुष होते. बायका मोजून पाच. त्यातली एक चहाच्या पिंपापाशी, एक तिकिटावर, तिसरी मी. फरशीच्या पॉलिशचा आणि ओल्या कोटांचा वास. फुटबॉलवाल्यांची कार्डं, सिगरेटच्या पाकिटातून निघायची ती क्रिकेटवाल्यांची कार्डं, आगगाड्यांची, पक्ष्यांची, चहाच्या पुड्यातून मिळालेली जंगली प्राण्यांची. टेबलाटेबलावर पन्नाशीची माणसं खाली मान घालून खोके चाळत होती आणि मधूनच कुणीतरी "ऊऽऽ" असा आवाज काढायचा. बाकी शांतता. भिंतीवर मोठ्या अक्षरांत सूचना लावलेली: एकदा केलेली अदलाबदल परत होणार नाही.

कीथ अगदी शेवटच्या टेबलावर होता. गोल चेहरा, गळ्यात दोरीला लावलेलं भिंग. कार्डिफहून ब्रिस्टलला यायला पूल फुकट आणि परत जायला टोल, हा इंग्रजांचा कावा कसा आहे, हे त्यानं आम्हाला आधी सांगितलं. मग म्हणाला, माझं सामान अजून लागायचंय, अर्ध्या तासानं या, निवांत बघू. पिटकिन त्यानं काचेखाली ठेवला होता. अंशुमननं तो वाकून बघितला. एक वाकड्या टोपीचा, भेदरलेल्या चेहऱ्याचा माणूस. आमच्या लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर माझ्याकडेही त्यानं इतकं निरखून बघितलं नव्हतं.

अर्धा तास काढायचा होता. कीथच्या टेबलापलीकडे एक खुर्ची होती, तिच्यावर अंशुमननं आईला बसवलं आणि मॅकॉल असलेला फोल्डर तिच्या मांडीवर ठेवला.

"आई, हे सांभाळ हं. कुणाला देऊ नकोस."

"मी कशाला कुणाला देऊ?"

"आई म्हणजे लॉकर आहे," तो मला म्हणाला. "शी वोन्ट मूव्ह."

ते खरंच होतं. आई जागच्या हलल्या नाहीत.

आम्ही क्रिकेटवाल्या टेबलावर वीस मिनिटं घालवली. परत आलो तेव्हा कीथ पुरी खात होता. आईंचा डबा उघडा होता आणि कीथच्या हनुवटीवर तिळाचा एक दाणा. आईंच्या मांडीवर चकचकीत कार्डांची चळत, त्यावर दोन कोरे अल्बम, त्यावर एक चहाचा मग. चेहऱ्यावर असं तेज, की तसं मी आमच्या वास्तुशांतीलाही पाहिलं नव्हतं.

"बघ रे," त्या म्हणाल्या, "साठ आणली! सगळी नवीकोरी. तुझं ते एक फाटकं, डाग पडलेलं होतं ना, ते देऊन टाकलं. तो आधी वीसच देत होता. मी म्हटलं नो. उठले. मग तीस. मी म्हटलं टू मच."

"टू मच म्हणजे उलटं, आई," मी म्हणाले.

"असू दे. त्याला कळलं. मग साठ दिली, मग मी वर काहीतरी घाल म्हटलं तर हे दोन अल्बम, आणि आणखी वर हा कप. पुरी दिली त्याला एक. गरीब आहे बिचारा."

मी अंशुमनकडे बघितलं नाही. काही गोष्टी न बघितलेल्या बऱ्या. खरं तर आईंचं काय चुकलं होतं? चाळीस वर्षं दारावर आलेल्या बोहारणीशी त्यांनी हाच व्यवहार केला होता. जुनं, विटकं, डागाळलेलं द्यायचं. नवं, लखलखीत घ्यायचं. पायरीवर बसायचं, दोनदा उठून आत जायचं, तिसऱ्यांदा "वर एक वाटी घाल" म्हणायचं. इथे सगळा हॉल तेच तर करत होता. त्यांना वाटलं, हे गोरे बोहारी. फक्त त्यांना नेमकं उलटं काय ते कुणी सांगितलं नव्हतं. इथे विटक्याला मान आहे आणि लखलखीत मातीमोल. ती साठ कार्डं गेल्या वर्षीच्या फुटबॉलवाल्यांची होती. कीथ ती एरवी पोरांना फुकट वाटत असेल.

अंशुमन अगदी शांतपणे कीथकडे वळला. राग आला की तो इंग्रज होतो.

"सॉरी कीथ, देअर्स बीन अ मिक्स-अप. माझ्या आईला माहीत नव्हतं."

कीथनं पुरी संपवली. मॅकॉल त्याच्या खोक्यात कधीच जाऊन बसला होता. मला वाटलं तू आईला पुढे पाठवलंस, तो म्हणाला, बाई घासाघीस तर अशी करत होत्या की माझं रक्त आटलं. मी प्रामाणिकपणे हरलो. आणि मग त्यानं भिंतीवरच्या सूचनेकडे बोट दाखवलं. हरलेल्या माणसाचा चेहरा इतका टवटवीत मी कधी पाहिला नाही.

"मग पिटकिन?" अंशुमननं विचारलं.

पिटकिन आहेच की, कीथ म्हणाला. बदल्यात काय देतोस?

द्यायला काहीच नव्हतं. बाकीची एकवीस त्या सेटचीच, त्यातलं एक दिलं तर पुन्हा एकवीसच. पैसे कीथला नको होते. त्याच्या धर्मात ते बसत नव्हतं.

"काय झालं?" आईंनी मला विचारलं. मी सांगितलं. शक्य तितकं सौम्य करून सांगितलं, पण ज्याच्यासाठी माणूस सहा वर्षं थांबला ते साठ फुटबॉलवाल्यांवर गेलं, हे किती सौम्य करणार?

"अगो बाई," आई म्हणाल्या. "पण ते फाटकं होतं रे."

आणि मग अंशुमन बोलला. आवाज न चढवता, इतका हळू की शेजारच्या टेबलावरच्या माणसानं मानही वर केली नाही.

"तुला सगळं फाटकंच दिसतं, आई. बाबांचा कोटपण असाच दिलास. मला एकदा विचारलं पण नाहीस. भांड्यावर दिलास. भांड्यावर!"

तेवीस वर्षांनी विषय निघाला, आणि तो निघाला बेडमिन्स्टरच्या कम्युनिटी हॉलमध्ये, आगगाड्यांच्या कार्डांच्या बाजूला.  

 आईंनी मांडीवरची चळत माझ्याकडे दिली. डब्यात उरलेल्या दोन पुऱ्या कागदी नॅपकिनवर काढून त्याही माझ्याकडे दिल्या. पदरानं डबा आतून पुसला, झाकण दाबून बसवलं, आणि उठून तो कीथच्या टेबलावर पिटकिनच्या शेजारी ठेवला. मग बोटानं पिटकिन दाखवला.

"हा घे," त्या मराठीत म्हणाल्या, "आणि तो दे त्याला."

कीथ हसला. हसता हसता त्यानं डबा हातात घेतला, झाकण उघडलं, बंद केलं. पुन्हा उघडलं. चांगल्या वस्तूचा नाद असला की हाताला लगेच कळतं. मग त्यानं डबा उलटा केला आणि त्याचं हसू थांबलं. भिंग डोळ्याला लावून तो बराच वेळ डब्याचा तळ बघत राहिला.

यावर काय लिहिलंय? त्यानं मला विचारलं. हे हातानं कोरलंय? आणि ही तारीख आहे का?

आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात, मी सांगितलं. भांड्याच्या दुकानात मशीन असतं, त्यानं टिंबाटिंबानं अक्षरं कोरतात. सगळ्यांच्याच भांड्यांवर असतं.

म्हणजे मालकाचं नाव, तारीख आणि एकाच घरात वापरलेला, कीथ म्हणाला. असा हिशेब मांडताना त्याचे डोळे चमकले. त्यानं भिंग गळ्यातून काढून अंशुमनला दिलं. वाचून दाखव की.

आता हे कबूल करायला हवं, की तो डबा गेली सहा वर्षं माझ्याही डोळ्यांसमोर होता. आई आल्या की डबा येतो, आई गेल्या की जातो. त्याच्या तळाशी काहीतरी खरबरीत आहे हे घासताना बोटांना कळायचं. पण भांड्यांवरची नावं कुणी वाचतं का? नावं फक्त घालायची असतात, म्हणजे कार्याच्या घरी भांडी बदलली की भांडायला बरं.

अंशुमननं भिंग लावलं. अर्धी टिंबं झिजून गेली होती.

"कै. मोहन श्रीधर वर्तक," त्यानं वाचलं. "बारा, सात, त्र्याऐंशी."

 बारा जुलै. वडील गेले त्याला तेव्हा महिना झाला होता.

"त्या कोटाचाच डबा तो," आई म्हणाल्या. जणू काय आज भाजी कुठली केली ते सांगत होत्या. "कोटाला कसर लागली होती. तुला दिसली नाही. आतून अस्तर खाल्लं होतं सगळं. खिळ्यावर ठेवला असता तर दिवाळीपर्यंत भुगा. बोहारीण घमेलं देत होती, मोठं. मी म्हटलं घमेलं नको, शाळेचा डबा दे. पक्क्या झाकणाचा दे. दोनदा परत पाठवली तिला तेव्हा हा आणलान. मग स्टेशनजवळ नेऊन यांचं नाव घालून घेतलं."

"मला बोलली नाहीस."

"तुला काय बोलणार? तू त्या खिळ्याकडे बघून गप्प बसायचास. मला वाटलं, रोज शाळेत नेशील, वाचशील कधीतरी. दहावीपर्यंत नेलास की. यांच्याच डब्यातली पोळी खाल्लीस पाच वर्षं."

अंशुमननं भिंग खाली ठेवलं. पाच वर्षं त्याच्या दप्तरात जे होतं ते शोधत हा माणूस दुनियाभरचे खोके उपसत होता. मला हसायला हवं होतं. आजवर त्याच्या या वेडाला मी कुठे सोडलं होतं? पण मी हातातल्या पुऱ्यांकडे बघत उभी राहिले.

कीथला यातलं अक्षरही कळलं नव्हतं. त्याला एवढंच दिसलं, की गिऱ्हाईक गप्प आहे. त्यानं काच सरकवली, पिटकिन उचलला आणि पुढे धरला. डील?

वाकड्या टोपीचा तो माणूस माझ्या नवऱ्याच्या हातापासून वीतभर अंतरावर होता. सहा वर्षांचा रिकामा कप्पा, ओल शोषणाऱ्या पुड्या, दोन महिन्यांचे ईमेल. अंशुमननं कार्डाकडे बघितलं. मग डबा उचलून छातीशी धरला.

"नो. सॉरी, कीथ. धिस वन्स नॉट फॉर स्वॉप."

नाही म्हटलेल्या वस्तूवर जीव जडतो, हा सगळ्याच जमवणाऱ्यांचा स्वभाव. कीथनं सुस्कारा टाकला, खोक्यात हात घातला आणि मॅकॉल बाहेर काढला. कॉफीचा डाग, दुमडलेले कोपरे, सगळं जसंच्या तसं. तो त्यानं पिटकिनच्या शेजारी ठेवला. घे, दोन्ही घे, म्हणाला. आणखी आईला म्हणावं तो चहाचा मगही ठेवून घ्या.

आईंना इंग्रजी कळत नसलं तरी टेबलावर एकाची दोन झालेली कळतात. त्यांनी अंशुमनच्या दंडाला चिमटा काढला.

"अरे घे, घे! दोन देतोय! आणि तुझं ते फाटकंसुद्धा परत. डबा मला ठाण्याला ढिगानं मिळतील."

"नको, आई."

"कोट दिलेला चालला नाही, आता डबा देते तर तोही चालत नाही. मग तुला हवंय तरी काय?"

"हाच हवाय."

"मूर्ख आहेस," आई म्हणाल्या. "बोहारणीनं तुला उभ्या उभ्या लुटलं असतं."

आणि खुर्चीवर बसून त्यांनी डोळे पुसले. चिमट्याचा हात मात्र त्याच्या दंडावरून काढला नाही.

कीथ आमच्या तिघांकडे आळीपाळीनं बघत होता. शेवटी त्यानं मला विचारलं, यात माझं काही चुकलं का? मी म्हटलं, नाही, तू प्रामाणिकपणे हरलास. उरलेल्या दोन पुऱ्या मी त्याला देऊन टाकल्या, कारण हातात किती वेळ धरणार? मॅकॉल त्याच्याकडेच राहिला. पिटकिनही राहिला. भिंतीवरच्या सूचनेचा मान राहिला.

मंगळवारी आई गेल्या. साठ फुटबॉलवाले, दोन अल्बम आणि तो चहाचा मग त्यांच्या बॅगेत गेले. कार्डं सोसायटीतल्या पोरांना वाटायला, आणि तो मग स्वतःला. विमानात न्यायच्या पोळ्या मी प्लॅस्टिकच्या डब्यात दिल्या, त्या त्यांनी नाक मुरडून घेतल्या. एअरपोर्टवर मायलेकरं काय बोलली ते मला माहीत नाही. मी ट्रॉली आणायला गेले होते आणि मुद्दाम चार ट्रॉल्या तपासून आणली.

मला वाटलं, आता डबा कपाटात जाणार. त्याला प्लॅस्टिकचं आवरण मिळणार, आत ओल शोषणारी पुडी पडणार आणि मला त्याला हात लावायची बंदी होणार. बुधवारी सकाळी साडेसहाला मी खाली आले तर अंशुमन ओट्यापाशी उभा. परातीत पीठ, पिठात पाणी, पाण्यात बहुतेक अंशुमन.

"डब्याला पोळी-भाजी न्यायची म्हणतो," तो म्हणाला. "पोळी कशी लाटतात ग?"

तेव्हापासून रोज नेतो. फिल्टनच्या ऑफिसात, जिथे बाकीचे क्रिस्प आणि ट्यूना सँडविच खातात, तिथे विमानाच्या पंखांचा सीनिअर इंजिनिअर वेल्सच्या नकाशासारख्या पोळ्या खातो. जेवून झालं की डबा स्वतः धुऊन आणतो. मला घासायला देत नाही, तारेच्या घासणीनं टिंबं जातील म्हणतो. अल्बममधला एकसष्ट नंबरचा कप्पा अजून रिकामा आहे, आणि कीथचे ईमेल अजून येतात. तो आता तीन कार्डांवर आलाय.

रविवारच्या फोनवर आई विचारतात, "डबा वापरतोस ना? नुसता ठेवलेला नाहीस ना?"

"वापरतो."

"झाकण बसतं का अजून?"

"घट्ट बसतं," अंशुमन सांगतो. ते खरं आहे. रोज सकाळी ते लावताना तो दोन्ही अंगठ्यांनी दाबतो आणि तळाचं नाव एकदा वाचून मगच डबा बॅगेत टाकतो.